ऑनलाइन थेरपिस्ट खरा की नुसतं प्रोफाइल? पैसे भरण्याआधीची तपासणी

भारतात ‘थेरपिस्ट’ या शब्दाला कायद्याचं कुंपण नाही. वकिली करायला सनद लागते, औषधाचं दुकान टाकायला नोंदणीकृत फार्मासिस्ट लागतो. पण नावापुढे थेरपिस्ट, काउन्सेलर, समुपदेशक, माइंड कोच, हीलर यांतलं काहीही लावायला कुणाला विचारावं लागत नाही. त्यामुळे ‘हे अधिकृत आहेत का?’ असं विचारलं की उत्तर नेहमी ‘हो’ असंच येतं. प्रश्न वेगळा विचारायला हवा: यांचं नाव कुठल्या वैधानिक नोंदवहीत आहे, कुठल्या पात्रतेखाली आहे, आणि आपलं काम त्या पात्रतेत बसतं का?

कागदोपत्री तपासणीला अर्धा तास पुरतो. बाकीची तपासणी पहिल्या एकदोन सेशनमध्ये, समोरच्याच्या वागण्यावरून होते. दोन्ही लागतात, कारण कागद चोख असलेला माणूसही वाईट वागू शकतो.

समोरचा नेमका कोण आहे?

मनोविकारतज्ज्ञ, म्हणजे सायकिअ‍ॅट्रिस्ट, हे आधी डॉक्टर असतात: एमबीबीएस आणि त्यापुढे मनोविकारशास्त्रात एमडी, डीएनबी किंवा डीपीएम. मनाच्या आजारांवरच्या अ‍ॅलोपॅथीच्या गोळ्या सुरू करणं, बदलणं हे यांचं काम. यांची नोंद राज्याच्या मेडिकल कौन्सिलमध्ये असते. आपल्याकडे महाराष्ट्र मेडिकल कौन्सिल, गोव्यात गोवा मेडिकल कौन्सिल. नॅशनल मेडिकल कमिशनच्या संकेतस्थळावर देशभरातल्या डॉक्टरांची नावं शोधता येतात. नाव सापडलं म्हणून तिथेच थांबू नका. पदव्युत्तर पदवीची नोंद वेगळी केलेली असते, ती दिसते का पाहा. फक्त एमबीबीएस दिसत असेल तर ‘मनोविकारशास्त्रातली पदवी नोंदवली आहे का?’ असं सरळ विचारा. २०२० च्या टेलिमेडिसिनच्या मार्गदर्शक सूचनांप्रमाणे ऑनलाइन तपासणाऱ्या डॉक्टरने आपला नोंदणी क्रमांक चिठ्ठीवर, पावतीवर आणि व्हॉट्सअ‍ॅप-ईमेलवरही दाखवायचा असतो. तो मागितल्यावर कुणी चिडत असेल तर चिडण्याचं कारण तुम्ही नाही.

क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट गोळ्या देत नाहीत. ते मानसशास्त्रीय चाचण्या घेतात, निदान करतात, थेरपी देतात. यांची नोंद भारतीय पुनर्वास परिषदेकडे, म्हणजे आरसीआयकडे, १९९२ च्या कायद्याखाली होते. नेहमीचा मार्ग म्हणजे मानसशास्त्रात एम.ए. किंवा एम.एस्सी. आणि त्यानंतर दोन वर्षांचा पूर्णवेळ एम.फिल., त्यात रुग्णालयातलं काम आणि वरिष्ठांची देखरेख. आता अभ्यासक्रमांची नावं बदलत आहेत, त्यामुळे पदवीच्या नावावर अडून बसण्यापेक्षा नोंदवहीतली पात्रता पाहणं सोपं. नोंदणी नसताना हा व्यवसाय करणं गुन्हा आहे; शिक्षा एक वर्षापर्यंत कैद किंवा १,००० रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही. बऱ्याच ठिकाणी एका सेशनला याहून जास्त पैसे पडतात, तेव्हा दंडाला घाबरून कुणी थांबेल या भरवशावर राहू नये.

तिसरे समुपदेशक. यांत समुपदेशन मानसशास्त्रात एम.ए. करून वर्षानुवर्षं सुपरव्हिजनखाली, म्हणजे वरिष्ठांच्या देखरेखीखाली, काम केलेले उत्तम लोक आहेत, आणि शनिवार-रविवारचा कोर्स करून सोमवारी पाटी लावणारेही आहेत. या मंडळींसाठी २०२१ चा अलाइड अँड हेल्थकेअर प्रोफेशन्स कायदा आला, पण राज्याराज्यांतल्या नोंदणीची घडी अजून नीट बसलेली नाही. म्हणजे आज एखाद्या समुपदेशकाकडे सरकारी क्रमांक नसणं ही फसवणूक नव्हे. मात्र अशा वेळी पदवी, विद्यापीठ आणि सुपरव्हिजन यांची चौकशी दुप्पट काटेकोर करावी लागते.

याखेरीज सायकिअ‍ॅट्रिक सोशल वर्कर आणि मनोविकार परिचारिका यांनाही २०१७ च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्यात जागा आहे. आयुर्वेदात मानसरोग किंवा होमिओपॅथीत सायकिअ‍ॅट्री या विषयात पदव्युत्तर पदवी घेतलेले वैद्य-डॉक्टरही त्याच कायद्यानुसार मानसिक आरोग्य व्यावसायिक ठरतात. नुसतं बीएचएमएस किंवा बीएएमएस करून वर समुपदेशनाचा डिप्लोमा जोडलेला असेल तर ते त्यात बसत नाहीत. आणि ‘डॉ.’ या एका अक्षरावर काही ठरवू नका. ते एमडीचं असू शकतं, पीएच.डी.चं असू शकतं, कुठल्याशा समारंभात शाल-श्रीफळाबरोबर मिळालेल्या मानद पदवीचंही असू शकतं.

आरसीआय क्रमांक: इथेच बहुतेक जण फसतात

परिषदेच्या केंद्रीय नोंदवहीत मिळणाऱ्या क्रमांकाला सीआरआर नंबर म्हणतात. व्यावसायिकांचा क्रमांक ‘ए’ अक्षराने सुरू होतो आणि पुढे आकडे येतात. तो मागून घ्या आणि परिषदेच्या संकेतस्थळावर स्वतः शोधा. त्यांनी पाठवलेला स्क्रीनशॉट पाहून समाधान मानू नका. स्क्रीनशॉटमधलं नाव दोन मिनिटांत बदलता येतं.

शोधल्यावर तीन गोष्टी जुळवा. पहिली, नाव, लग्नानंतरच्या आडनावामुळे फरक असेल तर तो समजावून सांगता आला पाहिजे. दुसरी, मुदत, ही नोंदणी पाच वर्षांची असते आणि नूतनीकरण करावं लागतं. तिसरी आणि सगळ्यात महत्त्वाची, पात्रतेचा प्रकार. आरसीआय फक्त मानसशास्त्रज्ञांची नोंद करत नाही. विशेष शिक्षक, ऑडिओलॉजिस्ट, स्पीच थेरपिस्ट, कृत्रिम अवयव बसवणारे असे कितीतरी व्यावसायिक याच नोंदवहीत आहेत. ‘आरसीआय रजिस्टर्ड’ असं बायोमध्ये लिहिणारी व्यक्ती प्रत्यक्षात विशेष शिक्षिका असू शकते. तिचा क्रमांक खरा, नाव खरं, खोटं काहीच नाही. फक्त नैराश्यावर थेरपी देण्याशी त्या क्रमांकाचा संबंध नाही.

क्रमांक खरा पण माणूस दुसराच, असंही घडवता येतं. नोंदवहीत शोधून मिळालेली माहिती उचलून दुसऱ्याच्या नावाने खातं उघडायला वेळ लागत नाही. म्हणून पहिलं सेशन कॅमेरा चालू ठेवूनच घ्या. ते ज्या रुग्णालयात किंवा क्लिनिकमध्ये बसतात म्हणून सांगतात, तिथला नंबर वेगळा शोधून फोन लावा आणि ‘अमुक मॅडम ऑनलाइन सेशन घेतात का?’ एवढंच विचारा. यूपीआयने पैसे पाठवताना स्क्रीनवर खातेदाराचं बँकेतलं नाव दिसतं. ते थेरपिस्टचं किंवा क्लिनिकचं नसेल, तर पिन टाकण्याआधी थांबा.

एक बायो वाचून पाहू

इन्स्टाग्रामवर अशा धर्तीचा मजकूर रोज दिसतो:

‘इंटरनॅशनली सर्टिफाइड सायकोथेरपिस्ट | एनएलपी मास्टर | सरकारमान्य संस्था | आयएसओ ९००१ | ५०००+ आयुष्यं बदलली | मोफत क्लॅरिटी कॉलसाठी डीएम करा’

‘इंटरनॅशनली सर्टिफाइड’ म्हणजे बहुधा परदेशी नावाच्या एखाद्या खाजगी कंपनीचा ऑनलाइन कोर्स. तो किती तासांचा होता आणि त्यात देखरेखीखाली किती लोकांबरोबर प्रत्यक्ष काम केलं, हे विचारलं की गाडी अडते. एनएलपी (न्यूरो-लिंग्विस्टिक प्रोग्रॅमिंग), हिप्नोसिस (संमोहन), ग्राफोलॉजी (हस्ताक्षरावरून स्वभाव सांगणं) यांची प्रमाणपत्रं म्हणजे मानसशास्त्राची पदवी नव्हे. ‘सरकारमान्य संस्था’ हा सगळ्यात चलाख शब्द. त्यामागे पुष्कळदा उद्यम नोंदणी निघते, जी पिठाच्या गिरणीलाही मिळते. किंवा दुकाने-आस्थापना कायद्याखालची नोंद, नाहीतर ट्रस्ट नोंदणी. सरकारने व्यवसायाची नोंद घेतली याचा अर्थ उपचाराची पात्रता तपासली असा होत नाही. आयएसओचंही तेच, ते कार्यालयीन कामकाजाच्या पद्धतीचं प्रमाणपत्र आहे. एखाद्या संघटनेचं आजीव सदस्यत्व हा परवाना नसतो, वर्गणीची पावती असू शकते.

‘५००० आयुष्यं’ आणि खाली क्लायंटच्या कहाण्या. नाव झाकलेलं असलं तरी गाव, वय, नवऱ्याची नोकरी एवढं कळलं की ओळखणारे ओळखतात. जो दुसऱ्याच्या सेशनमधली गोष्ट रीलमध्ये वापरतो, तो उद्या तुमची वापरेल. व्हॉट्सअ‍ॅपवरचे आभाराचे संदेश स्टोरीवर लावणारेही याच रांगेत.

बायोमध्ये विद्यापीठाचं पूर्ण नाव, पदवीचं वर्ष आणि नोंदणी क्रमांक नसेल, तर बाकीचं सगळं सजावट समजा. विद्यापीठाचं नाव अनोळखी वाटलं तर यूजीसीच्या संकेतस्थळावर बोगस विद्यापीठांची यादी असते, ती बघा. दूरशिक्षणाने मानसशास्त्रात एम.ए. केलेले बरेच जण आहेत आणि ती पदवी खोटी नसते. पण नुसत्या तेवढ्यावर थेरपी करता येत नाही. २०२५ पासून यूजीसीने मानसशास्त्र हा विषय दूरस्थ आणि ऑनलाइन पद्धतीने शिकवणं थांबवलं आहे. अशा व्यक्तीला पदवीनंतर प्रत्यक्ष काम कुठे आणि कुणाच्या हाताखाली केलं ते विचारा.

बुकिंगआधी पाठवायचा संदेश

फोनवर विचारायला संकोच वाटतो, आणि फोनवरच्या उत्तराची नोंदही राहत नाही. लिहून पाठवा:

‘नमस्कार. आपल्याकडे सेशन सुरू करण्याचा विचार आहे. त्याआधी थोडी माहिती हवी होती. आपली पदवी, विद्यापीठ आणि वर्ष? आरसीआय किंवा मेडिकल कौन्सिलचा क्रमांक असल्यास तो? सध्या सुपरव्हिजन घेता का? माझा त्रास साधारण असा आहे: … अशा तक्रारींवर आपण कोणत्या पद्धतीने काम करता? फी, सेशनची वेळ आणि रद्द करण्याचा नियम काय? सेशनचं रेकॉर्डिंग होतं का, नोट्स कुठे राहतात?’

चांगलं उत्तर छोटं आणि कोरडं असतं. पदवी, वर्ष, क्रमांक, सुपरव्हिजन महिन्यातून अमुक वेळा, सेशन ५० मिनिटं, रद्द करायचं तर २४ तास आधी, रेकॉर्डिंग नाही. ‘या तक्रारीसाठी आधी मनोविकारतज्ज्ञांना भेटा’ किंवा ‘हे माझ्या कामाच्या बाहेरचं आहे, दुसरं नाव देते’ असं उत्तर आलं तर ती त्या व्यक्तीच्या बाजूने जाणारी गोष्ट समजा. वाईट उत्तर गोड असतं: ‘डिग्री महत्त्वाची नसते, कनेक्शन महत्त्वाचं असतं. आधी एकदा बोलू या ना!’ सुपरव्हिजनच्या प्रश्नावर ‘मला आता गरज नाही’ असं म्हणणारेही सोडून द्या. वीस वर्षं काम केलेले लोकसुद्धा अवघड केस दुसऱ्या जाणकारासमोर मांडतात. मनाच्या कामात आपली चूक आपल्याला दिसत नाही, म्हणून ही सोय असते.

अ‍ॅपवरून घेत असाल तर

‘आमचे सगळे तज्ज्ञ व्हेरिफाइड आहेत’ हे कंपनीचं वाक्य आहे, तुमची तपासणी नव्हे. पैसे भरण्याआधी थेरपिस्टचं पूर्ण नाव दिसलं पाहिजे. फक्त ‘स्नेहा के., ६ वर्षांचा अनुभव’ एवढंच दाखवून आधी पॅकेज घ्यायला लावणारं अ‍ॅप टाळा. दुसरा थेरपिस्ट मागता येतो का आणि उरलेल्या सेशनचे पैसे परत मिळतात का, हे नियमांच्या पानावर वाचा. सांगणाऱ्याच्या शब्दावर नको. चॅटवर मध्यरात्रीही सेकंदात उत्तर येत असेल, तर पलीकडे माणूस आहे की यंत्र, हे थेट विचारा.

माहितीच्या गुप्ततेबद्दल भाबडेपणा नको. २०२३ मध्ये अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने बेटरहेल्प या बड्या थेरपी कंपनीवर, वापरकर्त्यांची आरोग्यविषयक माहिती जाहिरातींसाठी फेसबुक, स्नॅपचॅट यांसारख्या कंपन्यांना दिल्याबद्दल कारवाई केली आणि ७८ लाख डॉलर भरायला लावले. फिनलंडमध्ये वास्तामो या थेरपी केंद्रांच्या साखळीतून हजारो लोकांच्या सेशनच्या नोंदी चोरीला गेल्या, आणि २०२० मध्ये चोराने एकेका रुग्णाला ईमेल पाठवून खंडणी मागितली. म्हणून अ‍ॅपला संपर्कयादी आणि लोकेशनची परवानगी देऊ नका, नोंदणीला वेगळा ईमेल वापरा. कंपनीने नोकरदारांना दिलेली मोफत सेवा असेल तर मॅनेजरपर्यंत काय पोचतं, ते लेखी विचारा.

पहिलं सेशन

खऱ्या थेरपिस्टचं पहिलं सेशन काहीसं रटाळ असतं. फॉर्म, संमतीपत्र, प्रश्न. झोप, भूक, दारू-तंबाखू, आधीचे उपचार, चालू गोळ्या, घरात कुणाला असा त्रास होता का, थायरॉइड तपासलं होतं का. ही शेवटची चौकशी करणारा माणूस मला विशेष भरवशाचा वाटतो, कारण थायरॉइड कमी झालं तरी नैराश्यासारखीच लक्षणं दिसतात.

दोन गोष्टी मात्र व्हायलाच हव्यात. पहिली: ‘तुम्ही आत्ता कुठे बसला आहात, पत्ता काय, आणि गरज पडली तर कुणाला फोन करू?’ क्लायंट चिपळूणला आणि थेरपिस्ट पुण्यात असेल, आणि सेशनच्या मध्येच ‘मला जगायचं नाही’ असं कानावर पडून कॉल तुटला, तर मदत पाठवायची कुठे? ऑनलाइन काम शिकलेला माणूस हे आधीच विचारून ठेवतो. आत्महत्येच्या विचारांबद्दलही तो सरळ शब्दांत विचारतो, आडून नाही.

दुसरी: गुप्तता आणि तिच्या मर्यादा. ‘इथलं काहीही कधीच बाहेर जाणार नाही’ हे ऐकायला बरं वाटतं, पण खोटं आहे. तुमच्या किंवा दुसऱ्याच्या जिवाला धोका असेल तर गुप्तता मोडावी लागते. अठरा वर्षांखालच्या मुलावर लैंगिक अत्याचार होत असल्याचं कळलं, तर पोक्सो कायद्यानुसार ते कळवणं बंधनकारक आहे. जाणकार हे सुरुवातीलाच सांगतात.

सेशनमध्ये रडू आलं, थेरपिस्ट गप्प बसून राहिले, सल्लाच दिला नाही, अस्वस्थ वाटलं, ही फसवणुकीची लक्षणं नाहीत. पुष्कळदा काम असंच चालतं. खालचं काही घडलं तर मात्र दुसऱ्या सेशनची वाट पाहू नका.

पंधरा मिनिटांत ‘तुम्हाला बायपोलर आहे’ असं निदान. ‘तीन सेशनमध्ये शंभर टक्के बरं’ अशी हमी. डॉक्टर नसताना ‘त्या गोळ्या बंद करा’ असा आदेश. नैराश्याच्या किंवा मूड सावरणाऱ्या गोळ्या अचानक तोडल्या की त्रास उलटतो, कधी जिवावर बेततं. पत्रिका, वास्तू, पूर्वजन्म, स्फटिक यांची विक्री. रात्री अकरानंतरचे खाजगी गप्पांचे मेसेज, ‘तू माझी स्पेशल क्लायंट आहेस’, फोटोची मागणी, स्वतःच्या संसाराचं रडगाणं, उसने पैसे. न विचारता तुमच्या नवऱ्याला, आईला काही सांगणं. समलैंगिकता ‘बदलून देतो’ असं म्हणणं; नॅशनल मेडिकल कमिशनने २०२२ मध्येच असल्या ‘कन्व्हर्जन थेरपी’ला व्यावसायिक गैरवर्तन ठरवलं आहे. आणि दहा-वीस सेशनचं पॅकेज ‘आजच घेतलं तर निम्म्या किमतीत’. थेरपीची फी सेशनमागे किंवा महिन्याला देता आली पाहिजे. सेल लावायला ते साड्यांचं दुकान नाही.

मुलांसाठी घेताना

अध्ययन अक्षमतेचा (लर्निंग डिसॅबिलिटीचा) दाखला ऑनलाइन चाचणीवर देतो म्हणणाऱ्यांपासून चार हात लांब राहा. दहावी-बारावीच्या परीक्षेतल्या सवलतींसाठी ठरवून दिलेल्या सरकारी किंवा महापालिका रुग्णालयांतल्या केंद्रांचा दाखला लागतो; मुंबईत सायन आणि नायर रुग्णालयांत अशी केंद्रं आहेत. तिथे नंबर लागायला वेळ जातो आणि दलाल नेमकी हीच घाई विकतात. लहान मुलाच्या बाबतीत पहिलं बोलणं पालकांशी न करता थेट मुलाला वेगळ्या चॅटवर बोलावणारा कुणी असेल, तर ते खातं ब्लॉक करा.

परदेशात राहून मराठीतून थेरपी

न्यू जर्सीत बसून पुण्यातल्या मॅडमशी मराठीत बोलावंसं वाटणं साहजिक आहे. मात्र अमेरिकेत परवाना राज्यागणिक असतो, आणि क्लायंट ज्या राज्यात बसलेला आहे तिथला नियम बघितला जातो. भारतातली नोंदणी तिथे चालत नाही, विम्याचे पैसे मिळत नाहीत, आणि तक्रार तिथल्या बोर्डाकडे नेता येत नाही. ब्रिटनमध्ये क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट हे नाव कायद्याने राखीव आहे आणि एचसीपीसी या नियामक संस्थेच्या नोंदवहीत तपासता येतं. नुसतं ‘सायकोथेरपिस्ट’ हे तिथेही राखीव नाही. ऑस्ट्रेलियात आरोग्य व्यावसायिकांची नोंद ठेवणाऱ्या अ‍ॅप्राची यादी पाहा. ‘मी थेरपी नाही, कोचिंग देते’ असं म्हणून कुणी हा प्रश्न बाजूला सारत असेल, तर मग तिच्याकडे नैराश्यासाठी जाऊ नका.

काही बिनसलं तर

चॅट डिलीट करू नका. संदेश, पावती, यूपीआय व्यवहार क्रमांक, प्रोफाइलचा स्क्रीनशॉट आधी जमवा. तक्रारीचा वास लागला की प्रोफाइल गायब होतं. नोंदणीकृत मानसशास्त्रज्ञाची तक्रार आरसीआयकडे, डॉक्टरची राज्याच्या मेडिकल कौन्सिलकडे. सेवा न देता पैसे अडकवले तर ग्राहक हेल्पलाइन १९१५. तोतया निघाला आणि पैसे गेले तर लगेच सायबर फसवणुकीची हेल्पलाइन १९३०, कारण रक्कम पुढे सरकण्याआधी गोठवता आली तरच परत मिळण्याची आशा असते. लैंगिक छळ किंवा सेशनमधल्या गोष्टींवरून धमकी असेल तर थेट पोलीस.

तपासणी चालू असताना त्रास वाढला तर थांबून राहू नका. टेलिमानस ही सरकारी सेवा १४४१६ वर मोफत आणि चोवीस तास मिळते, मराठीतूनही बोलता येतं. जिवाला तातडीचा धोका असेल तर ११२. समोरासमोर दाखवायचं तर ठाणे, येरवडा, नागपूर आणि रत्नागिरी इथली प्रादेशिक मनोरुग्णालयं आणि गोव्यात बांबोळीची मनोविकार संस्था आहे.

थेरपिस्ट बदलायचा असेल तर कारण सांगायलाच हवं असं नाही. आतापर्यंतच्या कामाचा लेखी सारांश मात्र मागून घ्या: तक्रारी काय होत्या, काय केलं, कुठल्या चाचण्या घेतल्या, त्यांचे निकाल. २०१७ च्या कायद्याने आपल्या वैद्यकीय नोंदी पाहण्याचा हक्क दिलेला आहे, आणि नव्या माणसापुढे सगळं पहिल्यापासून सांगण्याचे दोन-तीन सेशनचे पैसे वाचतात.